वादळ सरलं, काहाऊ परतला

पायऱ्या-पायऱ्यांची ही पांढरी छपरं बर्म्युडातली. या बेटांवर नदी नाही. पावसाचं पाणी छपरावरून घराखालच्या टाकीत उतरतं, तेच प्यायचं. म्हणून चक्रीवादळ येऊन गेलं की घरमालक आधी छपराकडे बघतो. पक्षीवेडी माणसं मात्र गळ्यात दुर्बीण अडकवून स्पिटल पाँड या तळ्याची वाट धरतात.

ऑक्टोबर चालू आहे. वाऱ्याच्या तोंडची झाडं खाऱ्या तुषारांनी करपली आहेत. एरवी पानांत दडणारे वॉर्बलर, म्हणजे किडे-अळ्या टिपणारी चिमुकली पाखरं, उघड्या फांदीवर दिसतात. बघणाऱ्यांची चंगळ, पाखरांचे हाल. पानंच नाहीत तिथे अळ्या कुठल्या?

हा ब्लॅकपोल वॉर्बलर. एरवी वजन जेमतेम 12 ग्रॅम. उत्तर अमेरिका सोडण्याआधी खाऊन खाऊन जवळपास दुप्पट होतो आणि अटलांटिकवरून दोन-तीन दिवस सलग दक्षिणेकडे उडत राहतो. वारा फिरला, तर टेकायला जमीन बर्म्युडाएवढीच: सुमारे 53 चौरस किलोमीटर. मुख्य भूमीचा सर्वांत जवळचा किनाराही हजारेक किलोमीटर लांब.

पण इथली खरी गंमत अंधार पडल्यावर. तीही कॅसल हार्बर या खाडीच्या तोंडाशी, लाटा झेलत उभ्या असलेल्या खडकांवर.

काहाऊ! वरून करडा-काळा, पोटाशी पांढरा समुद्रपक्षी. घरटं फक्त बर्म्युडात करतो. रात्रीच्या त्याच्या किंकाळ्या ऐकून जुन्या खलाशांनी या बेटांना सैतानाची बेटं ठरवलं होतं. पुढे माणसं वस्तीला आली, डुकरं-उंदीर आले, आणि 1620च्या दशकात काहाऊ संपला असंच सगळे धरून चालले. तो पुन्हा सापडला थेट 1951च्या जानेवारीत. शोधणाऱ्यांसोबत 15 वर्षांचा एक स्थानिक मुलगा होता, डेव्हिड विनगेट. त्याने पुढचं आयुष्य याच पक्ष्याला दिलं.

खडकांवर बीळ खणायला माती नव्हती. काहाऊ कपारींत शिरायचे, आणि वसंतात लांब शेपटीचे पांढरे लाँगटेल पक्षी येऊन त्यांची पिल्लं मारायचे. उपाय साधा निघाला: बिळाच्या तोंडाशी एक फळी, तिला बेताचं भोक. काहाऊ आत जातो, थोराड लाँगटेल बाहेर अडकतो. जोडीला सिमेंटची बिळं बांधली, वर उचलता येणारं झाकण.

सप्टेंबर 2003मध्ये फेबियन चक्रीवादळाने या खडकांचे लचके तोडले. बिळं फुटली. नशीब एवढंच, की तेव्हा काहाऊ दूर समुद्रात होते. ते परतायच्या आत माणसांनी बिळं पुन्हा उभी केली. पण असं किती वर्षं करणार? म्हणून 2004पासून शंभरावर पिल्लं उंच, माती असलेल्या नॉनसच बेटावर हलवली, मासे आणि माखुल भरवून वाढवली. ती उडून गेली. त्यातली काही पिल्लं मोठी होऊन काही वर्षांनी त्याच बेटावर परत आली. 2009मध्ये तिथे पहिलं पिल्लू वाढून उडालं. 1960च्या दशकात काहाऊच्या 18 जोड्या होत्या. आता दीडशेच्या वर आहेत.

नोव्हेंबर. अमावास्येच्या आसपासची रात्र. डोक्यावरून काहीतरी सपकन जातं, दिसत नाही.

सकाळी झाकण उचललं, तर बिळात नुकतंच ओढून आणलेलं गवत.