ह्यू डाल्टन : पाठ्यपुस्तकातल्या नावामागचा माणूस

अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्या कुणालाही विचारा. सार्वजनिक आयव्ययाच्या, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाच्या, पेपरात ‘डाल्टन यांच्या मते’ अशी सुरुवात करून त्यांनी एकदा तरी उत्तर लिहिलेले असते. महत्तम सामाजिक लाभाचे तत्त्व! सरकारच्या खर्चातल्या शेवटच्या रुपयाने लोकांचे जेवढे भले होते, तेवढाच त्रास कराच्या शेवटच्या रुपयाने व्हावा, तिथे थांबावे. हे लिहिणारा माणूस पुढे स्वतः ब्रिटनचा अर्थमंत्री झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

ह्यू डाल्टन यांचा जन्म १८८७ चा, वेल्समधल्या नीथ गावातला. वडील धर्मोपदेशक आणि राजपुत्रांचे शिक्षक. पुढे पाचवा जॉर्ज म्हणून गादीवर बसलेला राजपुत्र त्यांच्याच हाताखाली शिकला. मुलगा ईटनच्या नामांकित शाळेत गेला, तिथून केंब्रिजला. राजवाड्याच्या सावलीत वाढलेला हा मुलगा केंब्रिजमध्ये समाजवादी झाला आणि शेवटपर्यंत समाजवादीच राहिला.

पहिल्या महायुद्धात ते इटलीच्या आघाडीवर तोफखान्यात लढले. परत आल्यावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवू लागले. विसाच्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते, ते याच संस्थेत. १९२० मध्ये डाल्टन यांनी उत्पन्नातली विषमता मोजायची कशी, यावर निबंध लिहिला. श्रीमंताकडचे थोडे उत्पन्न गरिबाकडे गेले आणि त्यामुळे दोघांच्या जागा उलटल्या नाहीत, तर विषमता घटलीच पाहिजे. जे माप हे दाखवत नाही, ते माप चुकीचे. विषमता मोजणारे अर्थतज्ज्ञ आजही ही कसोटी लावतात.

१९२४ मध्ये ते मजूर पक्षाचे खासदार झाले. १९२९ मध्ये त्यांना बिशप ऑकलंड हा खाणकामगारांचा मतदारसंघ हवा होता, पण तिथे मध्येच पोटनिवडणूक लागली. ते स्वतः आधीच दुसरीकडचे खासदार होते. तेव्हा पत्नी रूथ उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि काही महिन्यांतच सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी ती जागा नवऱ्याला सोडली.

१९४५ मध्ये पंतप्रधान अ‍ॅटली यांनी त्यांच्या हाती अर्थखाते दिले. युद्धाने तिजोरी रिकामी केली होती. तरीही डाल्टन यांनी बँक ऑफ इंग्लंडचे राष्ट्रीयीकरण केले, व्याजदर खाली ठेवले. माझ्या मते त्यांचे सर्वांत सुंदर काम १९४६ च्या अर्थसंकल्पात आहे. युद्धातले शिल्लक सामान विकून येणाऱ्या पैशातून त्यांनी ५ कोटी पौंडांचा भूमी निधी उभारला. युद्धात पडलेल्यांचे स्मारक म्हणून देशाची सुंदर जमीन लोकांसाठी राखायची! अर्थमंत्र्याला असे सुचणे ही मोठीच गोष्ट.

१९४७ चा उन्हाळा मात्र वाईट गेला. अमेरिकेच्या कर्जाच्या अटीनुसार जुलैत पौंड डॉलरमध्ये बदलून देणे सुरू झाले. डॉलर इतक्या वेगाने बाहेर गेले की पाच आठवड्यांतच ते थांबवावे लागले. डाल्टन पार थकले होते.

१२ नोव्हेंबर १९४७. अर्थसंकल्प मांडायला सभागृहाकडे निघालेल्या डाल्टन यांना वाटेत ‘स्टार’ या सायंदैनिकाचा ओळखीचा बातमीदार भेटला. दोन पावले थांबून त्यांनी सांगून टाकले : तंबाखूवर जादा काही नाही, बिअरवर एक पेनी, कुत्र्यांच्या शर्यतींवर कर, घोड्यांवर नाही. ते भाषणात त्या मुद्द्यापर्यंत पोहोचण्याआधीच अंक रस्त्यावर विकला जात होता आणि शेअरबाजार अजून उघडा होता. यातून कुणी पैसा कमावला नाही, डाल्टन यांनी तर नाहीच. पण अर्थसंकल्प फुटला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सभागृहाची माफी मागितली, राजीनामा दिला आणि अ‍ॅटली यांनी तो स्वीकारला. करांवर आयुष्यभर विचार केलेल्या माणसाचे अर्थमंत्रिपद करांबद्दलच्याच चार शब्दांनी गेले, याची मला फार हळहळ वाटते.

वर्षभरात ते मंत्रिमंडळात परतले, पण अर्थखाते पुन्हा मिळाले नाही. पायी भटकण्याचा नाद त्यांना पहिल्यापासून होता. १९५१ मध्ये नियोजन खाते त्यांच्याकडे असताना पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. त्याच वर्षी लेक डिस्ट्रिक्ट, स्नोडोनिया आणि डार्टमूरही. १९६२ मध्ये डाल्टन यांचे निधन झाले.