ज्यांना तळं सोडता येत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

शहरातल्या बागेत, तळ्यावर मूक हंसांची जोडी दिसली की आपली नजर आधी त्यांच्या मानेवर जाते. साहजिकच आहे. आपल्या मानेत ७ मणके, त्यांच्या मानेत २४-२५. आज मात्र मी तुम्हाला त्यांचे पंख बघायला सांगणार आहे. आंघोळ उरकली की हंस छाती वर काढून दोन्ही पंख जोरात फडफडवतो. तेवढ्या वेळात दोन्ही पंखांची टोकं पाहून घ्या. बागेतल्या कितीतरी हंसांचा एक पंख मध्येच संपलेला दिसेल.

हा आजार नाही आणि अपघातही नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही दिवसांत त्याच्या एका पंखाचा टोकाचा सांधा कापून टाकतात. उडण्याची लांब पिसं ज्या हाडावर येतात, ते हाडच जातं. नुसती पिसं कातरली असती तर पुढच्या खेपेला नवी आली असती. हाड काही परत येत नाही. एकाच बाजूचं कापलं की तोल राहत नाही आणि पक्षी जन्मभर त्या तळ्याचा होऊन राहतो.

हे ज्याच्या बाबतीत करतात तो पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांमधल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे. मोठ्या नराचं वजन १०-१२ किलो भरतं, पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरहून जास्त. एवढं शरीर हवेत न्यायचं तर पाण्यावरून लांबच लांब धाव घ्यावी लागते, पाय आपटत, पंख मारत. आणि एकदा वर गेला की त्याच्या पंखांतून एक घुमणारा नाद येतो, तो खूप दूरवर ऐकू जातो. त्याच्या जवळच्या नात्यातले उत्तरेकडचे हंस उडताना तोंडाने साद घालून एकमेकांशी संपर्क ठेवतात. मूक हंसाचं ते काम बहुधा पंखच करतात. जमिनीवर किंवा पाण्यात तो फुत्कारतो, घोरल्यासारखा आवाज काढतो, पिल्लांशी हळू आवाजात बोलतो. पण त्याचा सर्वांत मोठा आवाज पंखांचा, आणि बागेतल्या तळ्यावर नेमका तोच ऐकू येत नाही.

आता त्यांचं वर्ष कसं जातं ते सांगतो. वसंत लागला की जोडी आपला भाग ठरवते. लहान तळं असेल तर अख्खं तळं त्यांचंच. नर कोणता हे चोचीवरून ओळखता येतं: नारिंगी चोचीच्या मुळाशी जी काळी गाठ असते, ती या दिवसांत नराची चांगलीच फुगलेली असते. दुसरा हंस जवळ आला की नर दोन्ही पंख पाठीवर कमानीसारखे उभारतो, मान मागे ओढून घेतो आणि दोन्ही पाय एकदम मारत झटक्याझटक्याने पुढे येतो. लोक या पवित्र्याचे फोटो काढतात, कारण तो दिसतो फार देखणा. खरं तर ती धमकी असते. समोरचा हटला नाही तर मारामारी होते, आणि कधी कधी एक नर दुसऱ्याला पाण्याखाली दाबून मारतोही.

घरटं म्हणजे लव्हाळे आणि बोरूच्या काड्यांचा मोठा ढीग. अंडी साधारण ५ ते ७, फिकट हिरवट-राखाडी. ती एक दिवसाआड घातली जातात, पण मादी नेटाने उबवायला बसते ती शेवटची अंडी घालून झाल्यावर. म्हणून सगळी पिल्लं जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. उबवणं चालतं सुमारे पाच आठवडे. एवढ्या दिवसांत मादी फार थोडं खाते आणि चांगलीच वाळते. नर पहारा देतो. पिल्लं एक-दोन दिवसांतच पाण्यात उतरतात, दमली की आईबापांच्या पाठीवर, पंखांच्या आत जाऊन बसतात. त्यांची मान खोल पोचत नाही, म्हणून मोठे हंस तळाची पाणवनस्पती उपटून वर आणतात आणि पायांनी पाणी ढवळून देतात.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे पिसं झडण्याची पाळी. हंसाची उडण्याची पिसं वर्षातून एकदा सगळी एकदम गळतात आणि पुढचे सहा ते आठ आठवडे त्याला उडता येत नाही. पिल्लं असलेल्या जोडीत आधी मादीची पिसं झडतात, पिल्लं अगदी लहान असताना. तिची नवी पिसं बऱ्यापैकी वाढली की मग नराची पाळी. म्हणजे दोघांपैकी एकाचे पंख बचावासाठी कायम तयार. पंखाचा फटका हे त्यांचं मुख्य हत्यार आहे, हे लक्षात घेतलं की या व्यवस्थेचं मोल कळतं.

पिल्लं चार-पाच महिन्यांत उडू लागतात. राखाडी पिसांच्या जागी हळूहळू पांढरी दिसू लागतात. आणि मग, हिवाळ्याच्या आसपास किंवा पुढच्या वसंताच्या तोंडावर, ज्या बापाने त्यांच्यासाठी कुत्र्यांवर, माणसांवर फुत्कारून धाव घेतली, तोच त्यांना हाकलायला लागतो. हा क्रूरपणा नव्हे. पुढच्या विणीला जागा हवी असते, अन्न हवं असतं. मोकळी पिल्लं उडून जातात, आपल्यासारख्याच तरुण हंसांच्या थव्यात सामील होतात, तिथे जोडीदार शोधतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी स्वतःचं घरटं बांधतात.

आता हेच पंख कापलेल्या पिल्लांच्या बाबतीत डोळ्यांसमोर आणा. बाप मागे लागलाय आणि जायला जागा नाही. पिल्लू तळ्याच्या या काठाहून त्या काठाला पळतं, थकून बाहेर पायवाटेवर येतं, तिथे कुत्री असतात, रस्ता असतो. पुन्हा पाण्यात उतरलं की बाप आहेच. हे दिवसेंदिवस चालतं. बघणारे म्हणतात, नर माजलाय. श्रोतेहो, नर माजलेला नसतो. त्याच्या स्वभावात पिल्लांनी निघून जाणं गृहीत धरलेलं आहे, आणि निघून जाण्याची वाट आपण कापून टाकलेली आहे.

मग पंख कापूच नयेत का? इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मूक हंस मूळचा युरोप आणि आशियाचा. उत्तर अमेरिकेत तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बागांची आणि बंगल्यांच्या तळ्यांची शोभा म्हणून नेला गेला. मेरीलँडमध्ये १९६२ साली ५ पाळीव हंस निसटले. १९९९ पर्यंत चेसापीक उपसागराच्या त्या भागात त्यांची संख्या ४,००० च्या घरात गेली. एक हंस दिवसाला तीन-साडेतीन किलो पाणवनस्पती फस्त करतो. जिथे मासे वाढतात, खेकडे लपतात ते पाण्याखालचं गवत त्यांनी उपटलं, किनाऱ्यावर घरटी करणाऱ्या सुरय आणि पाणचिरा जातीच्या पक्ष्यांच्या वसाहती तुडवल्या. तेव्हा, जिथे तो मूळचा नाही तिथे त्याला मोकळं सोडणं हा काही त्याच्यावरच्या प्रेमाचा मार्ग नाही.

माझं म्हणणं असं आहे की जिथे पंख कापल्याशिवाय हंस ठेवता येत नाहीत, तिथे नवे हंस आणू नयेत. जे आहेत त्यांचा सांभाळ करावा, पण त्यांची वीण थांबवावी. घरट्यातली अंडी काढून तिथे नकली अंडी ठेवली की मादी त्यावर बसते आणि सहसा दुसऱ्यांदा घालत नाही. हे जाणकारांनी, परवानगीने, अगदी सुरुवातीच्या दिवसांत करायचं काम आहे. ऐकायला कठोर वाटेल. बापापासून पळून जायला जागा नसलेल्या पिल्लाला जन्माला घालण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

आणि आहेत त्यांच्यासाठी आपल्याला काय करता येईल? पाव टोपल्याने टाकू नका. उरलेला पाव उथळ, साचलेल्या पाण्यात कुजतो, शेवाळ माजतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो. कडक थंडीत काही द्यायचंच तर हिरवा पाला किंवा धान्य द्यावं, तेही पाण्यात टाकावं. काठावर टाकलं की हंस माणसांच्या आणि कुत्र्यांच्या वाटेवर येतात, आणि त्यांना घास पाण्याबरोबरच गिळायची सवय असते. गळ टाकणाऱ्यांनी दोरी आणि शिशाची वजनं मागे ठेवू नयेत. हंस अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतो आणि त्यात शिशाचे दाणेही गिळतो. ब्रिटनमध्ये यामुळे इतके हंस मेले की १९८७ मध्ये मासेमारीच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली, आणि त्यानंतर हंसांची संख्या सावरली.

उन्हाळ्यात पाणी आटून कोमट झालं की आणखी एक धोका असतो, बोट्युलिझम नावाच्या विषबाधेचा. कुजणाऱ्या चिखलात त्याचे जंतू वाढतात आणि पक्ष्याचे स्नायू लुळे पडतात. मान उचलता येत नसलेला, डोकं पाण्यात पडू लागलेला हंस दिसला तर तो झोपलाय असं समजून पुढे जाऊ नका. स्वतः उचलायलाही जाऊ नका. बागेच्या कर्मचाऱ्यांना किंवा पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला त्याच वेळी फोन करा. वेळेवर उपचार मिळाले तर यातून हंस बरे होतात, आणि आजूबाजूला मेलेले पक्षी असतील तर तेही लगेच उचलायला सांगा, कारण त्यांच्यातूनच विष पुढे पसरतं.

नमस्कार.