ज्वारीवर ज्वारी

नमस्कार, श्रोतेहो. मी सोलापूरची एक निवृत्त शिक्षिका. डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही, पेशंट आहे, आणि तीही जन्मभराची. माझ्या आजाराचं नाव सिलिॲक. गहू पोटात गेला की माझ्याच शरीराचं सैन्य माझ्याच आतड्यावर चाल करून जातं. गहू, जव आणि राय नावाचं परदेशी धान्य, यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं, भांडण त्याच्याशी. कणीक ताणली जाते, पोळी न फाटता पातळ लाटता येते, ती त्याच्यामुळेच. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्नातला कस ती शोषून घेते. ती लव झडली की कितीही जेवा, अंगी काही लागत नाही.

माझं सहा वर्षं तेच चाललं होतं. हिमोग्लोबिन आठाच्या वर जाईना, लोहाच्या गोळ्या खाऊन जीभ काळी झाली. पोट असं फुगायचं की शेजारणी संशयाने बघायच्या, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी! दुपारच्या तासाला मुलांना शुद्धलेखन घालून मी बाहेर पळायची. कुणी ॲसिडिटी म्हणालं, कुणी मनाचे खेळ म्हणालं. थायरॉईड आधीपासून होतंच. हे आजार एकमेकांचं बोट धरून येतात. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी लिहून दिली, नंतर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढला, तेव्हा नाव कळलं.

आता एक गोष्ट कान देऊन ऐका. शंका आली म्हणून आपल्या मनाने पोळी बंद करू नका. आधी तपासणी, मग पथ्य. गहू सोडल्यावर तपासणी केली तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो आणि घोळ होतो. आधी तपासणी, मग पथ्य.

औषध एकच, जन्मभर ग्लुटेन बंद. मी म्हटलं, हात्तिच्या! आपण ज्वारीच्या मुलखातले. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी दाराशी येते, मला कसली अडचण? दोन वेळा भाकरी, मधे भात. पोळी बंद, शिरा-उपमा बंद, शेवया बंद. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा कपाळाला लावून परत, त्यावरून नणंदेने दोन महिने अबोला धरला.

आठ महिन्यांनी टीटीजी पुन्हा केली. आकडा जेमतेम उतरलेला. पोट तसंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चोरून खाताय का?" मला रडूच फुटलं. आयुष्यभर कॉप्या पकडलेली बाई मी, आणि माझ्यावर हा आळ!

घरी आले, तर सासूबाई भाजी निवडत बसलेल्या. त्या म्हणाल्या, "दळण कोण आणतं?" मुलगा आणतो. "मग एकदा तू जाऊन बस की तिथं."

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. गिरणीवाला माझाच विद्यार्थी, सातवी ब, शेवटचा बाक. त्याने स्टूल पुसून दिलं. समोर डब्यांची रांग. माझ्याआधी कुणाचा तरी दहा किलो गहू चालू होता. तो संपला, त्याने गिरणीला दांडक्याने दोन ठोके घातले, पीठ झटकलं आणि लगेच माझी ज्वारी वर ओतली. कापडाच्या तोंडातून माझ्या डब्यात पीठ पडायला लागलं. श्रोतेहो, मी वाकून बघितलं. पहिलं पीठ पिवळसर, बोटांना रवाळ. हळूहळू पांढरं होत गेलं. त्या डब्यात तळाशी गहू होता, वर ज्वारी. आठ महिने मी शेजाऱ्यापाजाऱ्यांची कणीक खात होते!

मी ओरडलेच, "अरे, गव्हावर का टाकलीस?"

तो गोंधळला. "बाई, डाळीवर टाकली नाही, मिरचीवर टाकली नाही. गव्हावर काय होतंय? चार चिमटी गहू आला तर भाकरी उलट मऊ होते. बायका मुद्दाम सांगतात."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला गिरणीच्या त्या आवाजात माझं आतडं समजावून सांगितलं. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं, एक आजोबा म्हणाले, "म्हणजे सोवळ्याचंच दळण की!" पोरगा विचार करून म्हणाला, "गुरुवारी सकाळी या. गिरणी उघडून झाडतो. पहिल्यांदा माझी दोन किलो ज्वारी काढतो, ती गाईला. त्यावर तुमची. ज्वारीवर ज्वारी." शाळेत या मुलाला मी ढ म्हणत असे.

वर्षभर मी गुरुवारची भाकरी खाल्ली. टीटीजीचा आकडा उतरत गेला, हिमोग्लोबिन अकरावर आलं. तरी गिरणीत हवेतही पीठ उडतंच, म्हणून पुढे घरघंटी घेतली. तिच्यात गव्हाचा दाणा जात नाही. पोळपाट, परात, तवासुद्धा वेगळा. आणि भाकरी थापायची असते हो, लाटायची नसते! आमच्या सूनबाई लाटतात. असो, तो वेगळा विषय आहे.

घरातले छुपे गहू भराभर सांगते. डबीतला हिंग, त्यात बऱ्याचदा मैदा असतो, डबी वाचा. मेतकूट, भाजणी, सातूचं पीठ. सोया सॉस. माल्टची पेयं, ते जव. ओट्ससुद्धा गव्हाबरोबर हाताळलेले असतात, विचारल्याशिवाय नको. उपवासाचा वरी-राजगिरा चालतो, म्हणून मैत्रिणी मला बारमाही एकादशी म्हणतात. आणि हे बारीक होण्यासाठी ग्लुटेन सोडणारे लोक! त्यांच्यामुळे हॉटेलातला पोऱ्या माझ्याकडेही फॅशन म्हणूनच बघतो, आणि डोसा पोळीच्याच तव्यावर टाकतो.

गव्हावर संशय घेतला तो विलेम डिकी या डच बालरोगतज्ज्ञांनी. महायुद्धात १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार होती, पाव मिळेना. तेव्हा आजारी मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. आम्हाला मात्र पाहुणे अजून सांगतात, "एका घासाने काय होतंय?" होतं. एका घासाने होतं.

आणखी एक. घरात एकाला असेल तर सख्ख्या भावंडांनी, मुलांनी तपासून घ्यावं. माझ्या धाकट्या बहिणीला निघाला, तिला पोटाची तक्रार कधीच नव्हती, नुसती हाडं ठिसूळ.

परवा त्या गिरणीवाल्याचा फोन आला. "बाई, एक गिऱ्हाईक आहे. नऊ वर्षांची पोरगी, उंची वाढत नाही, पोट पुढे, सारखे जुलाब. मी म्हटलं आमच्या बाईंसारखं असंल. बापाने कालपासून पोळी बंद केलीय."

मी म्हटलं, "आधी पोळी चालू कर म्हणावं."

"आधी तपासणी ना?"

"आधी तपासणी."

"सांगतो. आणि गुरुवारी त्यांची ज्वारी घेऊन ठेवतो, लागली तर लागली."