थकवा किती, ते आकड्यात सांगा

नमस्कार, श्रोतेहो. मी कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करणारी परिचारिका. दुखलं तर रुग्ण सांगतो, उलटी झाली तर घरचे धावत येतात. थकव्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. 'एवढी जालीम औषधं, थकवा यायचाच' असं सगळे धरून चालतात. काहींना धास्ती असते, की बोललो तर डॉक्टर उपचारच थांबवतील.

हा थकवा कामानं येणारा नव्हे. रात्रभर झोपूनही तो उतरत नाही. अंघोळ झाली की कपडे घालायलाही त्राण उरत नाही. केमोथेरपीत तो बहुधा डोसनंतरच्या काही दिवसांत वाढतो, मग थोडा ओसरतो. रेडिएशनमध्ये तो आठवड्यागणिक साचत जातो आणि उपचार संपल्यावरही रेंगाळतो. म्हणून घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे, 'आता तर उपचार संपले, मग उठत का नाहीस?' असं विचारू नका. फार लागतं ते.

आम्ही आकडा विचारतो. 0 म्हणजे थकवा अजिबात नाही, 10 म्हणजे कल्पना करता येईल तेवढा जास्त. 4 किंवा त्याहून अधिक असेल, तर कारण शोधायलाच हवं. हिमोग्लोबिन उतरलंय का? वेदनेमुळे झोप मोडते का? जेवणपाणी कमी पडतंय, थायरॉईड बिघडलंय, की मन खचलंय? यातल्या बहुतेक गोष्टींवर इलाज आहे, पण कळलं तरच.

'पडून राहा' हे आपण मायेनं म्हणतो. पण दिवसचे दिवस पडून राहिल्यानं स्नायूंची ताकद जाते आणि थकवा आणखी वाढतो. झेपेल तेवढं चालणं, आधी पाच-दहा मिनिटंच, याचा उपयोग अनेक अभ्यासांत दिसलाय. कर्करोग हाडांत पसरला असेल किंवा प्लेटलेट्स खूप कमी असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. दुपारची झोप अर्ध्या तासात आटपा, म्हणजे रात्रीची मोडणार नाही.

अंगात कमी बळ असेल त्या दिवशी ते कशावर खर्च करायचं, हे रुग्णानंच ठरवावं. अंघोळ खुर्चीवर बसून करता येते; वाचलेली ताकद नातवंडांशी खेळायला वापरू दे.

आणि केमोथेरपी चालू असताना थकव्यासोबत 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला, धाप लागली, किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. मध्यरात्र असली तरी रुग्णालयाला फोन करा.