मॅकवर विंडोजचे गेम : अडतं नेमकं कुठे?

(सांगलीत विश्रामबागेतल्या एका उन्हाळी शिबिरातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर अकरावी-बारावीची आणि इंजिनिअरिंगची पोरं दिसतायत, मागच्या रांगेत पालकही आहेत. पालकांच्या मनात असेल, कॉलेजसाठी म्हणून मॅकबुक घेऊन दिलं आणि हा गृहस्थ त्यावर गेम खेळायला शिकवणार. शिकवणारच आहे. पण निम्मा वेळ 'हे होणार नाही, यात पैसे घालू नका' हेच सांगणार आहे, तेव्हा उठू नका.

मला येणारा प्रश्न ठरलेला असतो : "सर, अमुक गेम मॅकवर चालेल का?" त्याआधी विचारायला हवं, तो अडतो कुठे? विंडोजचा गेम मॅकवर तीन जागी अडतो. एक प्रोसेसर : गेम इंटेल-एएमडीच्या सूचनांमध्ये लिहिलेला आणि तुमच्या मॅकमध्ये एआरएम जातीची चिप. दुसरी जागा विंडोज : फाइल उघड, आवाज वाजव, माउस कुठे आहे सांग, अशी हजारो कामं गेम विंडोजला सांगतो. तिसरी ग्राफिक्स : चित्र काढायला गेम मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सशी बोलतो, ॲपलला फक्त स्वतःचं मेटल कळतं.

पूर्वी हे सोपं होतं. 2006 साली ॲपलने इंटेलचे मॅक आणले आणि त्याच वर्षी बूट कॅम्प दिलं. मॅकवर सरळ विंडोज टाकायचं, की झाला तो पीसी. घरात कुणाचा जुना इंटेल मॅक पडून असेल तर जुन्या गेमसाठी आजही तोच सरळ रस्ता. नोव्हेंबर 2020 मध्ये ॲपलची स्वतःची एआरएम चिप, एम1, आली आणि बूट कॅम्प संपलं. यूट्यूबवर 'एम2वर बूट कॅम्प' असा व्हिडिओ दिसला तर बंद करा आणि त्याच्या लिंकवरून काही उतरवूनही घेऊ नका.

प्रोसेसरचा अडसर ॲपलनेच काढला, रोझेटा 2 देऊन. इंटेलच्या सूचना ते एआरएममध्ये बदलून देतं. मेमरीत कुठली गोष्ट आधी लिहिली आणि कुठली नंतर, याचे इंटेलचे नियम एआरएमपेक्षा कडक आहेत. ते नियम पाळण्याची सोय ॲपलने थेट चिपमध्येच ठेवली आहे, म्हणून रोझेटा एवढं पळतं.

विंडोजचा अडसर काढतं वाइन. हा 1993 पासून चाललेला मुक्त प्रकल्प. सांगलीकरांना नाटकाचं उदाहरण पटकन कळेल. रंगमंचावरचा वाडा प्लायवूडचा आणि कापडाचा असतो. नट दार ढकलतो, दार उघडतं. खिडकीशी जातो, तिथे खिडकी असते. त्याला लागेल तेवढंच उभं केलेलं असतं. वाइन गेमभोवती असंच विंडोजचं नेपथ्य उभं करतं. गेमने विचारलं, सी ड्राइव्ह कुठे? हा घे.

पडद्यावर बघा. हे क्रॉसओव्हर, वाइनवरच बांधलेलं विकतचं सॉफ्टवेअर. 14 दिवस फुकट वापरता येतं. नवी 'बॉटल' केली. बॉटल म्हणजे साधा फोल्डर. आत जातो : ड्राइव्ह_सी, त्यात विंडोज, त्यात सिस्टम32. सगळं जागच्या जागी, आणि मायक्रोसॉफ्टचं लायसन्स कुठेच लागलेलं नाही. आता या बॉटलमध्ये विंडोजचं स्टीम, म्हणजे गेम विकत घेऊन उतरवायचं दुकान, टाकायचं. मॅकचं स्टीम नव्हे! पोरं इथेच घोटाळतात आणि मग विचारतात, "सर, इन्स्टॉलचं बटणच येत नाही."

गेम चालू केला. कोपऱ्यातले आकडे मेटल दाखवतंय. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, म्हणजे एका चित्राला साधारण साडेसोळा मिलिसेकंद. हे बघा, कोपऱ्यावर वळलो आणि चित्र अडकलं. मागे येऊन पुन्हा तिथेच वळतो. आता नाही अडकलं. नवं दृश्य आलं की त्याचे शेडर, म्हणजे रंग-उजेड काढणारे छोटे प्रोग्राम, जागच्या जागी मेटलसाठी तयार होतात आणि साठवून ठेवले जातात. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत गेमला नावं ठेवू नका. पण दोन तासही घालवू नका : स्टीमवर विकत घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो. मॅकवाल्याच्या दृष्टीने स्टीमची सगळ्यात कामाची सोय हीच.

तिसरा अडसर, ग्राफिक्सचा, बराच काळ अर्धवटच सुटलेला होता. जून 2023 मध्ये ॲपलने गेम पोर्टिंग टूलकिट काढलं. त्यातलं डी3डीमेटल डायरेक्टएक्स 11 आणि 12 चे आदेश मेटलमध्ये बदलतं. ॲपलने ते गेम बनवणाऱ्यांना चाचणीसाठी दिलं होतं. खेळणाऱ्यांनी ते त्याच आठवड्यात टर्मिनलमधून बसवून खेळायला सुरुवात केली. नंतर तेच क्रॉसओव्हरमध्ये आलं. व्हिस्की नावाचं फुकट ॲपही होतं, पण 2025 मध्ये त्याच्या कर्त्याने ते थांबवलं आणि लोकांना क्रॉसओव्हरकडे जायला सांगितलं. आता ते नव्याने टाकू नका.

आता दुसऱ्या रांगेत मघापासून हात वर आहे. बोल. व्हॅलोरंट? नाही. नाही म्हणजे नाहीच. त्या ऑनलाइन गेमचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, कॉम्प्युटर चालू होताक्षणी बसतं. हा प्रेक्षक खुर्चीत बसत नाही, विंगेत शिरून भिंत टकटक वाजवून बघतो आणि प्लायवूड सापडलं की प्रयोग बंद. जीटीए 5 ची गोष्ट बोलकी आहे. एकट्याने खेळायची कथा क्रॉसओव्हरमध्ये चालते, पण सप्टेंबर 2024 मध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय हे अँटी-चीट लागलं आणि ती वाट बंद झाली. तेव्हा मित्रांबरोबर स्पर्धेचा, गोळीबाराचा ऑनलाइन गेम हवा असेल तर त्याचं अँटी-चीट कुठलं ते आधी शोधा. ते चकवायच्या युक्त्या विकणारे भेटतील. त्यात अकाउंट बॅन होतं आणि त्यावर खर्च केलेले पैसे बुडतात.

पॅरलल्सबद्दल, म्हणजे मॅकच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, थोडक्यात. त्यात एआरएमचं खरंखुरं विंडोज 11 चालतं आणि एम1, एम2 मॅकवरच्या त्या वापराला 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने मान्यताही दिली. पण डायरेक्टएक्स 12 मिळत नाही. कॉलेजचं विंडोजचं सॉफ्टवेअर आणि सोबत जुने गेम, एवढ्यासाठी ठीक. नुसत्या गेमसाठी मी घेणार नाही.

क्लाउडवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर गेम चालवून चित्र मॅकवर आणायचं, तर अडचण अंतराची कमी आणि घरातल्या वायफायची जास्त. सर्व्हर मुंबईत आहे असं धरा. सांगलीहून पावणेचारशे किलोमीटर, फायबरमधून प्रकाशाला जाऊन-येऊन चार-पाच मिलिसेकंद. बाकीचा उशीर वाटेतल्या यंत्रांत आणि दोन भिंतींपलीकडच्या राउटरमध्ये होतो. केबल लावा. आणि डेटा मोजा : 25 एमबीपीएसने तासाला सुमारे 11 जीबी. मोबाइल हॉटस्पॉटवर हा खेळ करू नये. भावाचा गेमिंग पीसी घरातच असेल तर त्यावर चित्र पाठवणारं सनशाइन आणि मॅकवर ते दाखवणारं मूनलाइट टाका. दोन्ही फुकट. ज्यांच्या घरी पीसी आहे त्यांनी बाकी सगळं सोडून हेच करावं, असं माझं मत. यात वाइन नाही, भाषांतर नाही आणि अँटी-चीटची कटकटही सहसा येत नाही, कारण गेम खऱ्या विंडोजवरच चालतोय.

आणि एवढं करण्याआधी गेमची मॅक आवृत्ती आहे का ते बघत चला की! बाल्डर्स गेट 3 आहे, जुलै 2025 पासून सायबरपंक 2077 सुद्धा. फक्त मॅकबुक एअरला पंखा नसतो. एप्रिलमधल्या सांगलीत अर्ध्या तासात तो तापतो आणि फ्रेम घसरतात.

मागून एका ताईंचा प्रश्न आलाय : क्रॉसओव्हरचं आयुष्यभराचं लायसन्स मुलगा मागतोय, घेऊ का? ताई, आत्ता नको. ॲपलने जाहीर केलंय की रोझेटा मॅकओएस 27 पर्यंत पूर्ण राहील आणि पुढे जुन्या, कुणी सांभाळत नसलेल्या गेमपुरता त्याचा काही भाग ठेवतील. मॅकवरचं क्रॉसओव्हर रोझेटाच्याच खांद्यावर उभं आहे. वर्षाचं लायसन्स घ्या. वर्ष संपलं तरी घेतलेली आवृत्ती चालत राहते, नवे अपडेट तेवढे थांबतात. आणि त्याआधी 14 दिवस फुकट वापरू दे त्याला, परीक्षा झाल्यावर.