निम्मा वाटा, पण कशातला?

[दृश्य: बॉस्टन गार्डन, कृष्णधवल चित्रण]

१४ जानेवारी १९६४. बॉस्टनमध्ये बर्फाचं वादळ आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ऑल-स्टार सामना, म्हणजे निवडक बड्या खेळाडूंची लढत, एबीसी वाहिनीवरून अमेरिकाभर दिसणार आहे. प्रेक्षक येऊन बसलेत, कॅमेरे लागलेत, पण खेळाडूंचा पत्ता नाही.

ते ड्रेसिंग रूममध्ये आहेत, दार बंद करून. बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष टॉम हाइनसन आणि वकील लॅरी फ्लायशर यांनी त्यांची मोट बांधली आहे. पेन्शन योजनेचं आश्वासन मिळाल्याशिवाय कोणी मैदानात उतरणार नाही. लेकर्स संघाचे मालक बॉब शॉर्ट आपल्या दोन खेळाडूंना दारावर निरोप धाडतात: बेलर आणि वेस्ट, ताबडतोब बाहेर या. दोघंही जागचे हलत नाहीत. अखेर लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी शब्द देतात आणि सामना थोडा उशिरा सुरू होतो.

त्या काळी खेळाडू एकदा एका संघाकडे गेला की त्याच्यावर हक्क त्या संघाचाच. करार संपला तरी दुसरीकडे जायची सोय नाही. ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९७० मध्ये लीगला कोर्टात खेचलं. १९७६ च्या तडजोडीनंतर ही वेठ सुटायला लागली.

[दृश्य: १९८० च्या दशकातले सामने, रिकाम्या खुर्च्या]

पण खरा सौदा ठरला १९८३ मध्ये. लीगची अवस्था वाईट होती, काही संघ बंद पडायच्या बेतात होते. मालकांना पगारावर मर्यादा हवी होती. फ्लायशर आणि संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब लॅनियर यांनी ती मान्य केली, पण बदल्यात उत्पन्नातला ५३ टक्के वाटा बांधून घेतला. १९८४-८५ मध्ये प्रत्येक संघासाठी पहिली सॅलरी कॅप, म्हणजे एकूण पगाराची मर्यादा आली, ३६ लाख डॉलरची. खेळाडू नुसते पगारदार न राहता धंद्याच्या वाढीतले वाटेकरी झाले. संघटनेच्या इतिहासात इतका दूरदृष्टीचा निर्णय दुसरा नाही.

[दृश्य: तिकीट खिडकी, पार्किंग, जर्सीवरची जाहिरात]

आज ही वाटणी कशी चालते? तिकिटं, टीव्हीचे हक्क, प्रायोजक, पार्किंग, मैदानातले खाण्यापिण्याचे स्टॉल, असा सगळा पैसा एका हिशेबात धरला जातो. त्याला म्हणतात ‘बास्केटबॉलशी संबंधित उत्पन्न’. त्यातला ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा. सॅलरी कॅपचा आकडाही याच उत्पन्नाच्या अंदाजावरून निघतो. २०२५-२६ साठी तो साडेपंधरा कोटी डॉलरच्या जरासा खाली आहे.

आता एका खेळाडूचा पगार जवळून पाहू. करार वर्षाला एक कोटी डॉलरचा आहे. त्यातले दहा टक्के, म्हणजे दहा लाख, त्याच्या हातात लगेच पडत नाहीत, अनामत म्हणून बाजूला राहतात. हंगाम संपल्यावर हिशेब होतो. सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून ठरलेल्या वाट्याच्या वर गेले असतील, तर अनामतीतून ती रक्कम मालकांकडे जाते आणि उरलेली खेळाडूला परत मिळते. पगार वाट्यापेक्षा कमी भरले, तर लीगला ती तूट भरून द्यावी लागते. म्हणजे बातमीत झळकतो तो करार, हातात किती येणार हे हंगामानंतरच कळतं.

[दृश्य: २०११, कुलूपबंद मैदानं]

मालक आणि संघटना यांच्यातल्या २००५ च्या करारात खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवर होता. २०११ मध्ये मालक म्हणाले, तीसपैकी बावीस संघ तोट्यात आहेत. संघटनेनं हे आकडे मानले नाहीत. मालकांनी टाळेबंदी केली. ती १६१ दिवस चालली, हंगाम ८२ वरून ६६ सामन्यांवर आला आणि वाटा पन्नासच्या आसपास घसरला. उत्पन्न तेव्हा सुमारे ४०० कोटी डॉलर होतं, म्हणजे एकेका टक्क्यामागे वर्षाला चार कोटी. मैदानात सामन्यामागे रोजंदारी मिळवणाऱ्यांचं काय झालं, हे फार कमी जणांनी विचारलं. या कहाणीतला तो सगळ्यात अन्यायाचा भाग आहे.

२०१६ मध्ये नव्या टीव्ही कराराचा पैसा आला आणि कॅप एका उन्हाळ्यात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्यानं करू, असं लीग म्हणत होती, संघटनेनं नकार दिला. आदल्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सना त्यामुळे केव्हिन ड्युरँटसारखा बडा खेळाडू परवडला. मालक आणि संघटनेच्या २०२३ च्या करारानं धडा घेतला: कॅप वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढणार नाही. म्हणूनच २०२५ मध्ये अकरा वर्षांचा, सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा नवा प्रसारण करार लागू झाला, तरी कॅप वाढली ती दहाच टक्के.

[दृश्य: लॉस एंजेलिस, लेकर्सचे जुने आणि नवे फोटो]

आता या हिशेबात नसलेला पैसा पाहू. जेरी बस यांनी १९७९ मध्ये लेकर्स, एक आइस हॉकी संघ, फोरम हे मैदान आणि एक रँच, सगळं मिळून पावणेसात कोटी डॉलरला घेतलं. २०२५ मध्ये लेकर्सचा बहुतांश हिस्सा विकला गेला, तेव्हा एकट्या संघाचं मोल हजार कोटी डॉलर धरलं गेलं. लॉस एंजेलिसचाच दुसरा संघ क्लिपर्स, सुमारे सव्वा कोटीला घेतलेला, २०१४ मध्ये दोनशे कोटींना गेला. मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे यांच्या गटानं २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज घेतला, तेव्हा त्याचं मोल ५३ कोटी ४० लाख होतं. हाच संघ २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळून गेला. तेव्हापासून त्याचंही मोल अनेक पटींनी वाढलंय.

वाट्यानं जमीन कसणाऱ्याला पिकातलं निम्मं मिळतं, जमिनीचा भाव वाढला तर तो मालकाचा. इथेही तेच. संघ विकल्याचा पैसा वाटणीत येत नाही. नवीन शहराला संघ देताना लीग जे प्रवेशशुल्क घेते, तेही येत नाही. ते सध्याच्या मालकांमध्ये वाटलं जातं. सिएटल आणि लास व्हेगस या शहरांची नावं चर्चेत आहेत. दोन संघ वाढले तर खेळाडूंना तीसेक नव्या जागा मिळतील, शुल्कातला डॉलर मात्र नाही. भाव खेळाडूंच्या खेळावर चढतो, त्यामुळे या शुल्कात वाटा मागणं रास्तच आहे.

मालक आणि संघटना यांच्यातला सध्याचा करार २०२९-३० पर्यंतचा आहे. दोन्ही बाजूंना तो एक हंगाम आधी मोडण्याची मुभा आहे.