डोक्याला ताप, कानात रातकिडे

देवळाली कॅम्पात सकाळच्या टायमाला कधी गेलात तर टपरीवर चहाचा ग्लास उचलताना लांबून एकदम धप्प होतं. काच हलते, पायाशी झोपलेलं कुत्रं एक कान वर करतं आणि परत झोपतं, टपरीवाला तर मान पण वळवत नाही. लष्कराच्या रेंजवर तोफांचं फायरिंग चालूय. बाहेरून आलेला माणूस दचकतो, आपण नाशिककर नाही दचकत, आपल्याला ते सुतळी बॉम्बसारखंच सवयीचं झालंय.

पण त्या तोफेच्या अगदी बाजूला जो उभा असतो ना, त्याचं काय होतं?

त्याआधी एका शब्दाची गंमत बघा. इंग्रजीत वेडा झालेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात, आणि हे डूलॅली म्हंजे आपली देवळाली! पूर्ण शब्द होता ‘डूलॅली टॅप’, त्यातला टॅप म्हंजे ताप. १८६०च्या दशकात इंग्रजांनी इथे कॅम्प टाकला, बोटीने आलेले गोरे सोल्जर आधी इथे यायचे आणि नोकरी संपली की परत जायला पण इथेच थांबायचे. आता अडचण अशी की सैनिकांच्या बोटी मुंबईहून सुटायच्या साधारण थंडीच्या महिन्यांतच. ज्याचा बाँड उन्हाळ्याच्या तोंडावर संपला तो बसला पुढची बोट येईपर्यंत. हातात रायफल नाही, ड्यूटी नाही, वर एप्रिल-मेचं ऊन, खाली दारू, मलेरिया, बाजारातून लागलेले गुप्तरोग. वर्षानुवर्षं सरळ वागलेली माणसं इथे येऊन मारामाऱ्या करायची, काही तर घरी जायच्या ऐवजी जेलात गेली. गोऱ्यांनी याला ताप म्हटलं आणि नकळत आपल्या भाषेतलं बरोब्बर निदान केलं. थर्मामीटरमध्ये न दिसणारा ताप, आपण ज्याला डोक्याला ताप म्हणतो तो. लढाईत न सापडलेला माणूस नुसत्या वाट बघण्याने खचू शकतो हे देवळालीला तेव्हाच कळलेलं, ‘शेल शॉक’, म्हंजे लढाईच्या धक्क्याने मन खचणं, हा शब्द डॉक्टरांच्या कागदात १९१५ साली आला.

त्याच पहिल्या महायुद्धात देवळालीत मोठी लष्करी हॉस्पिटलं उभी राहिली, त्यातलं एक तर थेट वेल्समधून आलेलं, आणि मेसोपोटेमियातून, म्हंजे आजच्या इराकमधून, आजारी आणि जखमी बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने घाट चढून वर. तिकडे कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी पण अडकल्या होत्या, २९ एप्रिल १९१६ला शरण जावं लागलं. भाजीपाला संपला, घोड्याचं मांस खायला बऱ्याच हिंदी शिपायांचं मन कित्येक दिवस होईना, मग स्कर्व्ही, हिरड्यांतून रक्त. गोऱ्यांना बेरीबेरी, हा पण जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा आजार, कारण त्यांचा पाव मैद्याचा. गोळी न लागता माणसं आडवी.

आता आमचे मामा. आर्टिलरीतून, म्हंजे तोफखान्यातून, हवालदार म्हणून रिटायर, शिंगवे बहुल्याच्या बाजूला घर बांधलंय, अंगणात शेवगा आणि दोन पेरूची झाडं. मामांशी बोलायचं असेल तर डाव्या बाजूला बसायचं नाही हा घरातला नियम. मामी सांगते, “अहो कुकरची शिट्टी ऐकू येत नाही यांना, तीन डाळी जाळल्यात.” नातीचा आवाज तर अजिबात पोचत नाही, ती आजोबा आजोबा करून शेवटी शर्ट ओढते.

नातीचाच का नाही पोचत त्याला कारण आहे. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात केसांसारख्या बारीक पेशी, त्या एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी वरच्या पट्टीच्या पेशी मरतात, म्हणून बायकांचा, पोरांचा आवाज आणि स, श, फ ही अक्षरं पहिली जातात. माणूस म्हणतो ऐकू येतं पण कळत नाही, आणि घरचे म्हणतात मुद्दाम करतात. बरं, कानाला स्वतःचं संरक्षण पण आहे, मोठा आवाज आला की एक इवलासा स्नायू ताणून धरतो, पण त्याला क्षणभर वेळ लागतो आणि तोफ तेवढा वेळ देत नाही. १४० डेसिबलच्या पुढचा एकच दणका कान कायमचा बिघडवू शकतो, आणि तोफेजवळचा आवाज त्याच्या बराच वर जातो. मामांच्या वेळेला, ते सांगतात, कापसाचे बोळे कोंबायचे आणि चालू पडायचं. रात्री झोपताना रातकिडे वाजतात म्हणे, बाराही महिने, भर उन्हाळ्यात पण.

कारगिलला १९९९मध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या वर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले. बोफोर्स तोफेच्या १५५ एमएमच्या एका गोळ्याचं वजन ४० किलोच्या वर. एवढे गोळे उचलले कुणी, त्या प्रत्येक दणक्याला बाजूला कोण होतं, हे टीव्हीवर कुणी विचारलं नाही. कंबर आणि कान हे गनरचं, म्हंजे तोफ चालवणाऱ्याचं दुखणं, त्याला मेडल नसतं.

मग तेव्हाच का नाही सांगितलं? मीही विचारलं. मामा हसले, म्हणाले, “सांगितलं की कॅटेगरी लागते.” फौजेत फिटनेसची मोजणी असते, शेप म्हणतात, एस-एच-ए-पी-ई, मन, कान, हातपाय, शरीराची ताकद, डोळे. शेप वन म्हंजे एकदम फिट. एच खाली गेला की लो मेडिकल कॅटेगरी, मग प्रमोशनला अडचण, पोस्टिंगला अडचण. म्हणून पोरं दाबून ठेवतात. टेस्टच्या खोलीत शिट्टी आली की बटण दाबायचं असतं, मामा म्हणतात समोरच्याचा चेहरा बघून दाबायचो. खरं खोटं देव जाणे, पण मला खोटं नाही वाटत. आणि त्या शेपमधलं पहिलंच अक्षर मनाचं आहे, ते तर कान पण लपवणारा माणूस किती लपवत असेल!

खरी गोची नंतर होते. रिटायर होताना मेडिकल बोर्ड बसतं, तिथे नोंद झाली, आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला असं मान्य झालं आणि टक्केवारी २० किंवा त्याच्या वर गेली तर डिसॅबिलिटी पेन्शन. मामांच्या कागदावर कान ठणठणीत! पुढे एका ऑफिसात चकरा मारल्या तर खिडकीतला माणूस म्हणाला, “तेव्हा का नाही लिहून घेतलं?” मामांना ते ऐकू आलं नाही, मी मोठ्याने परत सांगितलं, लाईनीतल्या सगळ्यांनी ऐकलं. तो दिवस मला अजून आवडत नाही.

ईसीएचएस आहे, माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३पासून, पॉलिक्लिनिकमध्ये दाखवा, पुढे रेफर करतात, कानाचं मशीन पण मिळतं. मामांना मिळालंय. ते कपाटात आहे, लग्नात घातलं तर म्हणे ताटवाट्यांचा आवाज डोक्यात घुसतो आणि माणसाचा आवाज तिथेच राहतो. पाच-सात वर्षं आधी लावायला हवं होतं असं डॉक्टर म्हणाले, मेंदू पण ऐकायची सवय विसरतो म्हणे. त्यामुळे ज्यांच्या घरी असा कुणी गनर आहे त्यांनी टीव्हीचा आवाज किती ठेवतात ते बघा, भांडू नका, तपासायला न्या.

एकदा आम्ही ओट्यावर बसलो होतो. नात आतून हाका मारत होती, मामांना पत्ता नाही. तेवढ्यात रेंजवरून आलं, माझ्या आधी मामांना कळलं. खिडकीत स्टीलचा पाण्याचा ग्लास होता, त्याला त्यांचं बोट टेकलेलं होतं.

“१५५,” मामा म्हणाले, आणि दुसऱ्या राउंडची वाट बघत तसेच बसले.